दुसरं प्रकरण गाळा म्हणणाऱ्यांना

पीएच.डी.च्या प्रबंधातलं दुसरं प्रकरण, म्हणजे ‘संबंधित साहित्याचा आढावा’, एकदाचं काढून टाका असं म्हणणारे प्राध्यापक आता दबक्या आवाजात बोलत नाहीत. त्यात मार्गदर्शक आहेत, परीक्षकही आहेत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. हे प्रकरण कुणी मनापासून लिहीत नाही आणि कुणी वाचतही नाही. विद्यार्थ्याचं वर्ष त्यात जातं, आणि डोक्यात दुसऱ्यांची मतं कोंबल्यावर त्याचं स्वतःचं काही उरत नाही. शिवाय ही सगळी परकी रीत. आपल्याकडच्या थोर संशोधकांनी कुठे आढावे घेत बसून काम केलं? आणि आता तर यंत्र दोन मिनिटांत आढावा लिहून देतं, मग माणसाने तो लिहायचाच कशाला?

कुणी मनापासून लिहीत नाही, हे त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. शिक्षणशास्त्राचा कुठलाही प्रबंध उघडा. दुसऱ्या प्रकरणात एकाच साच्यातून काढलेले परिच्छेद ओळीने उभे असतात: ‘अमुक (2011) यांनी तमुक जिल्ह्यातील माध्यमिक शिक्षकांच्या व्यावसायिक समाधानाचा अभ्यास या विषयावर संशोधन केले. सर्वेक्षण पद्धतीचा अवलंब केला. नमुना 200 शिक्षकांचा होता. निष्कर्ष: शिक्षकांचे व्यावसायिक समाधान मध्यम स्वरूपाचे आहे.’ असे चाळीस-पन्नास परिच्छेद झाले की शेवटी ‘प्रस्तुत संशोधनाचे वेगळेपण’ या मथळ्याखाली दोन ओळी येतात. वेगळेपण काय? तर सदर विषयावर या तालुक्यात संशोधन झालेले नाही. महाराष्ट्रात साडेतीनशेच्या वर तालुके आहेत, म्हणजे अजून काही पिढ्यांची सोय झाली.

पण यावरून आढावा निरुपयोगी ठरत नाही. इथे आढावा झालेलाच नाही, एवढंच यावरून कळतं. वरचा परिच्छेद लिहिणाऱ्याने तो 2011चा प्रबंध उघडला असता तर त्याला काय दिसलं असतं? समजा, अशा तीन प्रबंधांच्या परिशिष्टांत जाऊन त्याने प्रश्नावल्या शेजारी शेजारी ठेवल्या. तिन्ही ठिकाणी एकच जुनी प्रश्नावली थोड्याफार फरकाने वापरली आहे. पगारावर सहा प्रश्न, मुख्याध्यापकांच्या वागणुकीवर पाच, आणि बदलीवर, अशैक्षणिक कामांवर एकही नाही. तिन्ही नमुने अनुदानित शाळांतले. मग ‘समाधान मध्यम आहे’ हे वाक्य कुणाबद्दल आहे? विनाअनुदानित शाळेत वर्षानुवर्षं मान्यतेची वाट पाहणाऱ्याबद्दल नाही, मानधनावरच्या शिक्षणसेवकाबद्दल नाही. इथे संशोधकाला प्रश्न सापडला, आणि तो तालुका बदलून सापडला नाही. हे काम तीन प्रबंधांत होतं, पन्नास लागत नाहीत.

पन्नास परिच्छेद कुठून येतात हेही सगळ्यांना ठाऊक आहे: आधीच्या प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणातून. पूर्वी निदान सबब होती. एम. बी. बुच यांनी बडोद्याहून 1974 साली शिक्षणातल्या संशोधनाचं सर्वेक्षण प्रसिद्ध केलं, त्यात देशभरच्या प्रबंधांचे सारांश होते. कुठे काय झालंय ते कळावं आणि मूळ प्रबंधापर्यंत जाता यावं म्हणून केलेलं काम ते. पुढच्यांनी सारांशालाच प्रबंध मानलं, कारण मूळ प्रत दुसऱ्या राज्यातल्या विद्यापीठात कपाटात बंद असायची. आता ‘शोधगंगा’वर लाखो प्रबंध घरबसल्या, फुकट उघडतात. तरी उसनवारी चालूच आहे. फक्त ‘केले’चं ‘करण्यात आले’ होतं, कारण 2018च्या यूजीसी नियमांनुसार साम्य दहा टक्क्यांच्या आत बसवायचं असतं. सॉफ्टवेअर शब्द जुळतात का ते पाहतं. वाचलं का, हे ते पाहू शकत नाही.

आता परकेपणाचा मुद्दा. हा ऐकला की मला खरोखर आश्चर्य वाटतं, कारण तो बहुधा पुण्यात मांडला जातो. पूर्वपक्ष आधी पुरता मांडल्याशिवाय सिद्धान्ताला हात घालायचा नाही, हा दंडक मीमांसकांचा; त्यांच्या अधिकरणाची, म्हणजे एकेका प्रश्नाच्या चर्चेची, रचनाच विषय, संशय, पूर्वपक्ष अशी चालते. टिळकांचं ‘गीतारहस्य’ 1915 साली आलं. कर्मयोगाचं प्रतिपादन करण्याआधी शंकराचार्यांपासून पुढच्या भाष्यकारांनी गीतेचा अर्थ कसा लावला आणि तो आपल्याला का पटत नाही, हे टिळक सांगून घेतात. त्यांचा निष्कर्ष कुणाला पटो न पटो, आपण कुणाशी भांडतो आहोत हे वाचकाला पहिल्याच प्रकरणात कळतं.

इतिहासात तर याहून स्पष्ट उदाहरण आहे. ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास 1826 सालचा, तीन खंडांचा. पुढची चाळीस वर्षं तो जवळजवळ वेदवाक्य होता. 1867-68च्या सुमारास नीलकंठ जनार्दन कीर्तने नावाच्या कॉलेजातल्या तरुणाने त्यावर टीका लिहिली. डफने कोणती साधनं वापरली, कोणती वापरली नाहीत, कुठे त्याचा निष्कर्ष साधनांच्या पुढे धावला, हे त्याने तपासलं. कीर्तन्यांच्या हाती तेव्हा नवी दप्तरं नव्हती, कुठलं गुप्त भांडार नव्हतं. उपलब्ध ग्रंथ नीट वाचून त्याची ताकद आणि मर्यादा सांगणं, एवढंच त्यांनी केलं. आजच्या भाषेत तो साहित्याचा आढावा होता, आणि मराठी माणसाच्या आधुनिक इतिहाससंशोधनाची सुरुवात तिथून मोजतात. इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड 1898 साली काढला, तेव्हा त्याच्या प्रस्तावनेतही डफची झडती आहेच. ‘राजवाड्यांनी कुठे आढावे घेतले’ असं म्हणणाऱ्याने राजवाडे उघडून पाहिलेले नाहीत, एवढंच मी म्हणेन. गावोगाव पायपीट करणारे राजवाडे आपल्याला आवडतात. प्रस्तावना लिहिणारे राजवाडे वाचायला लागतात.

आढाव्यात नेमकं काय करायचं असतं, हेही याच पुण्यात शिकता येईल. भांडारकर संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम 1919 साली सुरू केलं आणि ते 1966 साली पुरं झालं. त्यासाठी 1,259 हस्तलिखितं तपासली गेली. संपादक वि. स. सुखटणकरांपुढे प्रश्न असा होता की एखादा श्लोक पुष्कळ पोथ्यांत आहे आणि थोड्यांत नाही, तर काय करायचं? बहुमताने निकाल लावणं सोपं होतं. त्यांनी तसं केलं नाही. देवनागरी पोथ्या संख्येने भरपूर, पण त्यांच्यात इकडचं तिकडे मिसळलेलं; काश्मीरकडच्या शारदा लिपीतल्या परंपरेच्या पोथ्या मोजक्या, पण जुनं रूप राखून असलेल्या. एका पोथीवरून उतरवलेल्या वीस पोथ्या म्हणजे वीस साक्षीदार नव्हेत, साक्षीदार एकच. व्यासांनी सांगितलं आणि गणपतीने लिहून घेतलं ही घराघरांत माहीत असलेली कथा या न्यायाने मूळ संहितेतून निघाली आणि परिशिष्टात गेली. केवढं धाडस आहे हे! आणि ते आलं निव्वळ आधीचं सगळं शेजारी ठेवून, कोण कुणावरून उतरलंय ते लावण्यातून.

शिवजयंतीचा वादही याच जातीचा. शके 1549च्या वैशाखातली तिथी, म्हणजे 1627, बखरींच्या आधाराने रूढ होती. टिळकांनी 1916 साली जेधे शकावली ही जुन्या नोंदींची यादी प्रसिद्ध केली आणि शके 1551 फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे 19 फेब्रुवारी 1630, ही तारीख पुढे आली. समकालीन कवी परमानंदाच्या ‘शिवभारता’नेही तिला दुजोरा दिला. बखरी जास्त, म्हणून बखरींची तारीख खरी असं म्हणता येत नव्हतं. त्या उशिरा लिहिलेल्या, शिवाय एकमेकींचं ऐकून सांगणाऱ्या. वाद पुढे अनेक दशकं चालला आणि राज्य सरकारने 1630ची तारीख स्वीकारायला 2001 साल उजाडलं. तिथीचं राजकारण बाजूला ठेवा. पद्धत पाहा: कोण आधीचा, कोण प्रसंगाच्या जवळचा, कोण स्वतंत्र.

ही पद्धत सुटली की काय होतं याचं मला माहीत असलेलं सर्वांत भयंकर उदाहरण अमेरिकेतलं आहे. जानेवारी 1980मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये पोर्टर आणि जिक यांचं एक पत्र छापून आलं. पत्र, लेख नव्हे, पाच वाक्यांचं. रुग्णालयात दाखल असताना अफूवर्गातलं वेदनाशामक किमान एकदा दिलेले 11,882 रुग्ण त्यांच्या नोंदींत होते आणि व्यसन लागल्याची स्पष्ट नोंद फक्त चौघांची सापडली. रुग्णालयात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. घरी महिनोन्‌महिने गोळ्या घेणाऱ्यांबद्दल त्या पाच वाक्यांत अवाक्षर नाही. पुढे पाठदुखीसारख्या जुनाट दुखण्यांना या गोळ्या सर्रास लिहून देताना ‘व्यसन लागण्याचा धोका नगण्य’ याला आधार म्हणून हेच पत्र फिरत राहिलं. 2017 साली कॅनडातल्या संशोधकांनी त्याचे माग काढले. 608 ठिकाणी त्याचा हवाला होता. 439 ठिकाणी तो व्यसन विरळ असल्याचा पुरावा म्हणून दिलेला, आणि 491 लेखकांनी हे रुग्ण रुग्णालयात दाखल होते हे सांगितलंच नव्हतं. पाच वाक्यं वाचायला मिनिटही लागत नाही. या मंडळींनी ती वाचली नव्हती, किंवा वाचूनही त्यातलं सोयीचं तेवढंच उचललं होतं. अमेरिकेत या गोळ्यांनी पुढे काय हाहाकार माजवला ते जगाला माहीत आहे. तो एका पत्राने माजवला असं कुणी शहाणा म्हणणार नाही, औषध कंपन्यांची विक्री त्यामागे होती; पण विक्रेत्याच्या हाती शास्त्राचा शिक्का अशा हवाल्यांनी दिला. बखरींचंच प्रकरण हे, तळटिपांसह.

‘आधी झालेलं पुन्हा केलं तर बिघडलं काय, एकदा पडताळणी होते’ असंही म्हणतात. पडताळणी म्हणून जाणूनबुजून केलं तर काहीच बिघडत नाही, उलट ते हवंच. न कळत केलं तर बिघडतं. हृदयविकाराच्या झटक्यात रक्ताची गुठळी विरघळवणाऱ्या स्ट्रेप्टोकायनेजच्या 33 चाचण्या 1992 साली एका गटाने कालक्रमाने एकत्र मांडल्या. औषधाने जीव वाचतात हे 1973पर्यंतच्या आठ चाचण्यांची बेरीज केली असती तर तेव्हाच दिसलं असतं. बेरीज कुणी केली नाही. 1988पर्यंत आणखी 25 चाचण्या झाल्या, 34,542 रुग्णांवर, आणि उत्तरात फारसा फरक पडला नाही. त्या चाचण्यांत तुलनेच्या गटात पडलेल्या माणसांना ते औषध मिळालंच नाही.

मौलिकतेच्या गोष्टीत गणिती रामानुजन हमखास येतात. कुंभकोणमचा तरुण, पुस्तकं नाहीत, गुरू नाही, आणि 16 जानेवारी 1913ला केंब्रिजच्या गणिती हार्डींना पत्र. आढावा कुठे होता? एक तर त्यांच्याकडे कार या लेखकाचं सूत्रसंग्रहाचं पुस्तक होतं, हजारो निष्कर्षांचं, आणि ते त्यांनी पिऊन टाकलं होतं. दुसरं असं की त्या पत्रातलं काही युरोपात आधीच सिद्ध झालेलं होतं आणि मूळ संख्यांबद्दलचे दावे चुकीचे निघाले, कारण त्या प्रश्नावर झालेलं काम त्यांच्यापर्यंत पोचलं नव्हतं. रामानुजन यांच्या उमेदीची वर्षं दुसऱ्यांनी आधीच शोधलेलं पुन्हा शोधण्यात गेली याची हळहळ हार्डींनाच सर्वांत जास्त होती. ज्याला ग्रंथालय मिळालं नाही त्याचा तोटा हा आदर्श म्हणून ग्रंथालय असलेल्याला सांगायचा? आणि आपण सगळे रामानुजन आहोत हे गृहीत धरून विद्यापीठाचे नियम करायचे असतील तर परीक्षाही बंद करू या.

उरलं यंत्र. शोधपेटीत शब्द टाकला आणि जे आलं तेवढंच साहित्य, ही समजूत चॅटबॉटच्या आधीची आहे. 2001 साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात दम्याच्या एका अभ्यासात हेक्झामेथोनियम नावाचं द्रव्य निरोगी स्वयंसेवकांना हुंगायला दिलं गेलं. त्यातली 24 वर्षांची एक तरुणी फुप्फुसं निकामी होऊन गेली. आधीचा शोध संशोधकाने घेतला होता, पण ज्या संगणकीय सूचीवर तो विसंबला ती तेव्हा 1966पर्यंतच मागे जात होती. या द्रव्याने फुप्फुसाला इजा होते असं सांगणारे लेख 1950च्या दशकातले होते. ग्रंथालयात, कागदावर, जागच्या जागी. अमेरिकेच्या केंद्र सरकारने त्या विद्यापीठाचं माणसांवरचं सरकारी अनुदानाचं संशोधन काही दिवस थांबवलं.

ती सूची निदान असलेलं दाखवत होती, मागचं दाखवत नव्हती. आताचं यंत्र नसलेलंही दाखवतं. न्यूयॉर्कच्या न्यायालयात 2023 साली वकिलांनी यंत्राने रचलेले, कधीच न झालेले निवाडे हवाल्यादाखल दिले आणि पाच हजार डॉलरचा दंड भरला. तिथे समोरच्या पक्षाचा वकील ते निवाडे शोधायला गेला म्हणून चोरी पकडली गेली. आपल्याकडे प्रबंधातल्या संदर्भसूचीतली नोंद शोधायला कोण जातं? यंत्राला कामाला लावू नका असं मी म्हणत नाही. याद्या करायला, परक्या भाषेतला लेख चाळायला ते उत्तम आहे. पण साक्ष कुणाची, ती कुठून आली, ती स्वतंत्र आहे की उतरवलेली, हे विचारायचं काम त्याच्यावर सोपवून मोकळं होणं म्हणजे 609वा हवाला देणं.

आढाव्याची हीच आबाळ तिसऱ्या प्रकरणात, संशोधनपद्धतीत, जशीच्या तशी उतरते. दुसरं प्रकरण गाळून तिसरं सुधारेल असं ज्यांना वाटतं त्यांनी ‘384’ हा आकडा किती प्रबंधांत येतो ते पाहावं. क्रेजसी आणि मॉर्गन यांचा 1970चा तक्ता आहे. लोकसंख्या कितीही मोठी असो, 384चा नमुना पुरतो असं त्यातून घेतात. तो आकडा येतो कसा? 95 टक्के विश्वासपातळी, पाच टक्के चूक चालेल, उत्तरं निम्मी-निम्मी विभागलेली, आणि प्रत्येकाला निवडलं जाण्याची संधी सारखी. ही शेवटची अट महत्त्वाची. आपला विद्यार्थी काय करतो? गूगल फॉर्म ओळखीच्या शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर टाकतो आणि 384 भरले की थांबतो. अशा नमुन्याला 384 काय आणि 3,840 काय, पाच टक्क्यांची हमी कशालाच लागू नाही. तो मूळ लेख मोजक्या पानांचा आहे. वाचला असता तर आकडा उचलण्याऐवजी अट दिसली असती, आणि मग कदाचित त्याने एका तालुक्यातल्या शाळांची यादी मिळवून चिठ्ठ्या टाकून साठच शिक्षक निवडले असते, प्रत्येकाला भेटला असता. ते संशोधन लहान झालं असतं, पण खरं झालं असतं.

विरोधकांचा एकच मुद्दा मला गंभीर वाटतो, आणि तो ते सहसा मांडत नाहीत. नोकरी करून, तासिका तत्त्वावर तीन कॉलेजांत धावपळ करून पीएच.डी. करणाऱ्याला वाचायला वेळ आणि साहित्य मिळतं कुठे? केंद्र सरकारची ‘एक राष्ट्र एक सदस्यत्व’ योजना जानेवारी 2025पासून सुरू झाली, सुमारे 13,000 नियतकालिकं खुली झाली. पण ती सरकारी संस्थांसाठी. खाजगी विनाअनुदानित कॉलेजातला विद्यार्थी बाहेरच. आणि मराठीतल्या विषयांसाठी तिचा उपयोग मर्यादितच. ‘विविधज्ञानविस्तारा’सारख्या जुन्या मासिकांचे अंक परदेशी प्रकाशकाकडे नाहीत, ते ठाण्या-पुण्या-मुंबईच्या जुन्या ग्रंथसंग्रहालयांत आहेत. तरी तिथे वाट काढून देणारा माणूस आपल्याकडे होऊन गेला. शं. ग. दात्यांनी 1800 ते 1950पर्यंतच्या मराठी ग्रंथांची सूची केली. दीडशे वर्षांत मराठीत एखाद्या विषयावर काय छापलं गेलं हे आज एका बैठकीत कळतं ते त्यांच्यामुळे. त्यांच्या कामाला कुणी प्रतिभा म्हटलं नाही.

तेव्हा गाळायचंच असेल तर पन्नासातले चाळीस परिच्छेद गाळा. दहा कामं ठेवा, पण ती पहिल्या पानापासून परिशिष्टापर्यंत वाचलेली असू द्या, आणि ती एकमेकांशी कुठे भांडतात ते लिहू द्या. पानांची किमान मर्यादा काढा. मौखिकीच्या दिवशी परीक्षकाने संदर्भसूचीतल्या कुठल्याही एका नोंदीवर बोट ठेवावं आणि विचारावं: यांनी नमुना कसा निवडला होता, आणि तुम्हाला तो का पटला? पॉवरपॉइंटच्या चाळीस स्लाइडपेक्षा या एका प्रश्नात जास्त कळेल. अर्थात हा प्रश्न विचारायचा तर परीक्षकाने ती नोंद स्वतः वाचलेली असावी लागेल. दुसरं प्रकरण नको म्हणणाऱ्यांपैकी काहींची खरी अडचण तीच असावी असा मला दाट संशय आहे.